खडीवरून सायकल

आमच्या घरात दोन सायकली आहेत आणि गाडी नाही. साठी जवळ आली की माणसं गुडघ्यांना तेल चोळत बसतात. आम्ही जाड टायरच्या सायकली घेतल्या. जव्हारात लोक हसले. नवरा इथल्या शाळेत मास्तर होता, जन्मभर एस.टी.नं आणि पायी फिरला, आणि निवृत्त झाल्यावर त्याला हे खूळ लागलं. आम्ही एका वर्गात शिकलेले, त्यामुळे त्याला अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही, आणि त्याला एकट्याला मूर्खपणा करू देणंही जमलं नाही.

आमचा ठरलेला रस्ता म्हणजे खोडाळ्याच्या पुढे, सूर्यमाळेच्या अंगाला जाणारा एक कच्चा फाटा. जीपवाला सायकली टपावर बांधून आणायचा आणि बाजारात उतरवून द्यायचा. तिथून थोडं डांबर, मग फाटा, आणि मग नुसती लाल माती आणि खडी. एक गाडी म्हणून नाही. उतारावर नागलीची शेतं, पाऊस सरला की खुरासणीची पिवळी फुलं, आणि चढ संपला की त्र्यंबककडचे डोंगर एकामागे एक उभे. सुरुवातीला तो तिथे पाय टेकून एकेका डोंगराचं नाव सांगायचा. निम्मी नावं चुकीची असणार, पण मास्तरांना कोण विचारणार.

मग त्याला काचबिंदू निघाला. हा आजार चोरपावलांनी येतो. आधी समोरचं दिसत राहतं आणि बाजूचं कुरतडलं जातं, मग समोरचंही. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते आहे तेवढी राखायला. डांबरी रस्त्यावरची त्याची सायकल आधी बंद झाली, कारण बाजूनं गाडी आलेली त्याला कळेना. उरला तो आमचा फाटा; जीपवाला आता तिथेच उतरवून द्यायचा. मी पुढे, तो मागे. मी ओरडून सांगायची, डावीकडे खड्डा, उजवीकडे गाय. काही दिवसांनी तोच म्हणाला, "अगं, बस कर. शाळा सुटून आता कुठे जरा शांतता मिळाली होती."

मी बस केलं. आणि तो बरोबर माझ्या चाकोरीतून येत राहिला, वीतभरही इकडेतिकडे नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी नजर आणखी आकसली असं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याशी हुज्जत घातली. तुमचं मशीन काही का म्हणेना, म्हटलं, माणूस डोंगरात सायकल चालवतोय. डॉक्टरांनी नवे थेंब लिहून दिले. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. मी मात्र जिंकल्यासारखी बाहेर आले.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर गेलो, तर फाट्यापासून पहिल्या पाड्यापर्यंत काळंभोर डांबर पडलेलं. पुढचा तुकडा अजून खडीचाच होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझेही गुडघे काही तरुण नाहीत. सायकल आपोआप पळायला लागली. उतारावर मी पाय थांबवले, वळण घेतलं, जरा वेळानं मागे बघितलं तर नवरा नाही.

तो वळलाच नव्हता. सरळ जाऊन भात कापलेल्या खाचरात पडला होता, खाली तो आणि अंगावर सायकल. शेजारच्या खळ्यावर एक बाई नागली झोडपत होती. आमच्याच वयाची, येताजाता रामराम करणारी. ती माझ्याआधी पोचली होती आणि त्याला बसता करून त्याच्या तोंडाला तांब्या लावत होती. धसकटांनी गाल ओरबाडला होता, कोपर सोललं होतं. हाडं शाबूत होती.

"सायकल घसरली गुरुजीची," ती मला म्हणाली.

"हो, घसरली," तो म्हणाला.

ती आणखी पाणी आणायला गेली तेव्हा त्यानं मला सांगितलं, "तुझा आवाज बंद झाला."

"मी कुठे बोलत होते?"

"तुझ्या चाकांचा. खडीवर वाजतात ना, त्यांच्या मागून येतो मी. आणि माझ्या चाकाखाली खडी सुटी लागली की समजायचं, कड आली. मधली दबलेली असते. या डांबरावर काहीच कळत नाही."

"आणि डोंगर?"

"तू सांगतेस तेवढे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की अलीकडे डोंगरांची नावं मीच घेत होते, आणि तो नुसता हं हं करत होता. मला त्याचा राग आला, डॉक्टरांचा आला, पण सगळ्यात जास्त आला तो त्या डांबराचा. कुणाच्या तरी नावानं शंख करावा, असं झालं होतं. तेवढ्यात बाई परत आली आणि तिनं रस्त्याचंच कौतुक सुरू केलं. तिच्या सुनेला दुखायला लागलं तेव्हा भर पावसात झोळी करून फाट्यापर्यंत न्यावं लागलं होतं.

"नाल्यापाशीच मोकळी झाली. सून वाचली. पोर नाय वाचला," ती म्हणाली. "आता गाडी दारशी येल. होळीच्या आंगं पुढचा बी करनार हायेत."

तो म्हणाला, "फार चांगलं झालं," आणि ते त्यानं मनापासून म्हटलं. मला तेही सोसवेना. भांडायला समोर कोणीतरी लागतं, आणि इथे तर कोणीच वाईट नव्हतं.

मग मी उपाय शोधत बसले. माझ्या सायकलला घुंगरू बांधलं. तो म्हणाला, तू कुठे आहेस ते कळतं, रस्ता कुठे आहे ते कळत नाही. दोघांनी मिळून चालवायची लांब सायकल मिळते, असं कोणीतरी सुचवलं. तो म्हणाला, मागच्या सीटवर पोतं होऊन फिरण्यापेक्षा घरात पोतं होऊन पडलेलं बरं. थंडीभर आम्ही जात राहिलो. डांबरावरून सायकली हातात धरून चालायचो आणि उरलेल्या खडीवर बसून चालवायचो. मी मुद्दाम सुट्या खडीतून जायची, जास्त वाजावं म्हणून. दर खेपेला खडी थोडी कमी झालेली असायची. एकदा तर रोलरवाल्यानं आम्हाला पाहून यंत्र थांबवलं, आधी तुम्ही जा म्हणाला. चांगला माणूस होता बिचारा.

होळीला वीटभट्ट्यांवर गेलेली माणसं परत येतात, पाडा भरतो. रस्ता पूर्ण झाला होता, त्याला नारळ फोडायचा होता, आणि तो गुरुजींनीच फोडायचा असं ठरलं होतं. बाईनं खोडाळ्याच्या जीपवाल्याकडून निरोप पाठवला, सायकल घेऊन या. आम्ही गेलो. माझ्या मनात नव्हतं, पण जायचं नाही म्हणायला तोंड कुठे होतं? रस्त्याच्या तोंडाशी दगड मांडून त्याला हळद-कुंकू लावलं होतं. मी त्याचा हात दगडाला लावून दिला. नारळ पहिल्या फटक्यात फुटला. लोक खूश झाले.

"आता सायकल काढा गुरुजी," बाई म्हणाली. "नव्या रस्त्यानं पयलं तुमीच जायाचा."

"त्याचा गुडघा दुखतोय," मी म्हणाले. "गाडीच जाऊ दे की आधी."

"गाडी रोजच जाईल. आमी गरजेनं चालतो ह्या रस्त्यानं, गुरुजी हौसेनं आले. त्यांचा मान."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा लग्नात होता तसा झाला होता, घाबरलेला आणि हट्टी. "दे सायकल," तो म्हणाला. मी दिली. नाही कशी म्हणणार होते, एवढ्या माणसांत?

माणसं रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी राहिली, बाया एकीकडे, बापे दुसरीकडे, पोरं मिळेल तिथे. त्यानं पायडल मारलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आणि तो सरळ गेला. दोन्ही बाजूंच्या टाळ्यांच्या बरोबर मधून, पाठ ताठ करून, कुठेही न डगमगता. मी मागे पळत होते. किती दिवसांनी डांबरावर मी त्याला असा चालवताना बघत होते. क्षणभर मलाही वाटलं की डॉक्टर चुकले.

माणसं संपली तिथे तो थांबला. पुढे रस्ता सरळ होता, छान होता, पार सूर्यमाळेकडे चढत गेलेला. मागून लोक ओरडत होते, जाऊ द्या गुरुजी, जाऊ द्या, आणि टाळ्या काही थांबेनात. मी धापा टाकत त्याच्याजवळ पोचले. तो एक पाय टेकून, मान जराशी तिरकी करून उभा होता.

"पुढे कोणी आहे?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

तो सायकलवरून उतरला आणि हँडल त्यानं माझ्या हातात दिलं.