सिस्टरांनी मागून घेतलेलं वर्ष

अर्थ समितीचं सभापतिपद सिस्टरांच्या गळ्यात पडलं, कारण त्या दिवशी त्या सभेला उशिरा पोचल्या.

मी नगरपालिकेत सभांचं इतिवृत्त लिहायचो, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. नवं आर्थिक वर्ष सुरू झालं होतं आणि तिजोरीत खडखडाट होता. सफाई कामगारांचे पगार थकले होते. पाणी आम्ही शेजारच्या मोठ्या शहराकडून विकत घ्यायचो, त्याचं बिल इतकं तुंबलं होतं की पाणी तोडण्याची नोटीस आली होती. अशा वेळी अर्थ समिती कोण घेणार? एका नगरसेवकाने रक्तदाबाचं कारण पुढे केलं, दुसऱ्याला मुलीची परीक्षा आठवली, तिसरा पंख्याकडे बघत बसला. तेवढ्यात दार ढकलून सिस्टर आत आल्या. त्या खुर्चीत टेकेपर्यंत सूचक, अनुमोदक, सगळं आटोपलं होतं आणि टाळ्या वाजत होत्या.

"कशाच्या टाळ्या?" सिस्टरांनी मला विचारलं.

"तुमच्या," मी म्हणालो.

सिस्टरांची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात गेली, शेवटी मुख्य परिचारिका म्हणून त्या निवृत्त झाल्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी सुई टोचली होती आणि उरलेल्यांना दटावलं होतं. निवडणुकीत त्या उभ्या राहिल्या तेव्हा विरोधी उमेदवाराची आईसुद्धा त्यांनाच मत देऊन आली, असं म्हणतात. त्यांचे यजमान बस चालवून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. तेही घरात बायकोला सिस्टरच म्हणायचे.

त्याच सभेत अध्यक्षांनी नदीकाठचं मैदान विकायचा ठराव मांडला. अध्यक्षांचं कापडाचं दुकान होतं. माणूस मनाने चांगला, फक्त कटकट टाळण्याकडे कल. एका बिल्डरने मैदानाला भाव देऊ केला होता. "एका फटक्यात सगळी देणी फिटतील," अध्यक्ष म्हणाले. माना डोलल्या.

"आणि पुढच्या वर्षी?" सिस्टरांनी विचारलं.

"पुढच्या वर्षी काय?"

"पुढच्या वर्षी काय विकायचं? ही इमारत?"

सिस्टर उठून उभ्या राहिल्या. "मला एक वर्ष द्या. वर्षअखेर मेळ बसला नाही, तर या ठरावाला अनुमोदन मीच देईन. हे लिहून घ्या हो," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी लिहून घेतलं. अध्यक्षांना तेवढीच वर्षभराची सुटका. ठराव पुढे ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी सिस्टर जिन्याखालच्या खोलीत गेल्या. तिथे पाणीपुरवठ्याचे इंजिनियर बसायचे. खोलीत पाइपांचे तुकडे, गंजलेले व्हॉल्व्ह आणि एक खुर्ची. हा शिकलेला, हुशार माणूस दरवर्षी मुख्य जलवाहिनी दुरुस्त करा म्हणून अर्ज करायचा आणि दरवर्षी कुणीतरी त्यावर 'पाहू' असं लिहून परत पाठवायचं. शेवटी त्यांनी बोलणंच कमी केलं होतं.

"मला यातलं काही कळत नाही," सिस्टर म्हणाल्या. "पेशंटला कुठे दुखतंय तेवढं सांगा."

इंजिनियर त्यांना पायीच घेऊन निघाले. भर उन्हाळा, सगळीकडे माती भाजून निघालेली. टाकीपासून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला मात्र हिरवंगार गवत होतं, आणि त्यात दोन गाई आरामात चरत होत्या.

"हे गवत आपण विकतच्या पाण्यावर पोसतोय," इंजिनियर म्हणाले. "जेवढं पाणी विकत घेतो त्यातलं जवळजवळ निम्मं जमिनीत जातं. पाइप बदलले तर बिल निम्म्यावर येईल. पण पाइपांना पैसे लागतात."

"म्हणजे रक्त वाहतंय आणि आपण वरून बाटल्या लावतोय."

"तेच सात वर्षं सांगतोय मी."

पैसे आणायचे कुठून? सिस्टर तडक अध्यक्षांच्या दालनात गेल्या आणि दारात उभ्या असलेल्या काळ्या गाडीकडे खिडकीतून बघत राहिल्या. शेवटी अध्यक्षांनीच विचारलं, "गाडीकडे का बघताय?"

"छान आहे."

"सिस्टर, ती पदाची गाडी आहे."

"पद तसंच राहू द्या. गाडीचं काय ते बोला."

अध्यक्षांनी दोन दिवस तोंड फुगवलं. तिसऱ्या दिवशी मुलाच्या स्कूटरवरून आले आणि गाडीचा लिलाव पुकारा म्हणाले. नंतर कळलं, त्यांच्या बायकोने सिस्टरांची बाजू घेतली होती. गाडी घेतली कुणी, तर मैदानावर डोळा ठेवून बसलेल्या त्या बिल्डरने. वर्षभर तो तिच्यातून मिरवत होता आणि आमचे अध्यक्ष स्कूटरवरून त्याला हात करत होते.

गाडीचे पैसे आले त्याच सकाळी सफाई कामगार फाटकात येऊन बसले. झाडू आडवे टाकलेले, रस्त्यावर कचऱ्याचे ढीग. पुढे मुकादमबाई. आवाज खणखणीत, कुणाच्या बापाला न भिणारी बाई. मुख्याधिकारी मागच्या दाराने आत आले. सिस्टर पुढच्या दाराने बाहेर गेल्या आणि मुकादमबाईंच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"गाडी विकलीत म्हणे," मुकादमबाई म्हणाल्या. "ते पैसे पाइपांना. आमच्या पोटाला काय?"

इंजिनियर वर गॅलरीत उभे राहून ऐकत होते, आणि काय उत्तर येणार हे त्यांना कळलं असावं.

"आधी तुमचे पगार," सिस्टर म्हणाल्या. "आज दुपारी. वॉर्डात पण आम्ही आधी साफसफाई करणाऱ्या आयांचं बघायचो. त्या गेल्या की वॉर्ड बंद."

पगार झाले. रस्ते झाडले गेले. गाडीच्या पैशातले जेमतेम एका गल्लीच्या पाइपापुरते उरले. इंजिनियर जिन्याखाली जाऊन बसले आणि त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा नको म्हटला.

मग उरली वसुली. पाणीपट्टी गावात कुणीच धड भरत नव्हतं, आणि सगळ्यात मोठी थकबाकी होती बाजारातल्या लाँड्रीची. लाँड्री सिस्टरांच्या थोरल्या नणंदेची. हे समजल्यावर कार्यालयात सगळ्यांनी मूग गिळले. सिस्टर म्हणाल्या, "चला, तिथूनच सुरुवात करू," आणि मला बरोबर घेतलं.

लाँड्रीत वाफ दाटली होती. नणंदबाई इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या होत्या, पदर खोचलेला. आमच्याकडे पाहून त्यांनी इस्त्री बाजूला ठेवली.

"माझ्याच दारात वसुलीला आलीस?"

"ताई, तुमच्या दारात आले नाही तर दुसऱ्याच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ?"

"बरं. मग हे बघ." त्यांनी एक चादर उलगडली. मुळात पांढरी असावी. आता तिच्यावर पिवळट झाक होती. "तुमचं पाणी. पहाटे येतं, करंगळीएवढी धार, तीही गढूळ. हॉटेलवाला माल परत पाठवतो. मला टँकर मागवावा लागतो. तुम्ही आधी पाणी द्या, मग हात पसरा."

मला वाटलं आता भडका उडणार. पण सिस्टरांनी चादर हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, नीट घडी घालून परत ठेवली आणि म्हणाल्या, "खरं आहे तुमचं."

परतताना वाटेत त्या एवढंच बोलल्या: "आजवर आपण औषध न देताच फी मागत होतो."

त्याच दुपारी ठरलं. जेवढे पैसे आहेत तेवढ्यात लाँड्रीची गल्ली आधी करायची. गावभर कुजबुज झाली. नणंदेचं भलं केलं, घरच्यांची धन केली. एका नगरसेवकाने सभेत तसं बोलूनही दाखवलं. "केलं," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यात मोठी थकबाकी तिथे आहे. तिथे जमलं तर सगळीकडे जमेल. नाही जमलं तर माझ्या नावाने बोंब मारायला तुम्ही मोकळे."

पुन्हा घोडं अडलं ते खोदाईच्या खर्चापाशी. कंत्राटदाराने अवाच्या सवा दर सांगितला. तेव्हा मुकादमबाई स्वतः जिन्याखालच्या खोलीत आल्या. त्यांच्या पथकातली निम्मी माणसं दुपारनंतर रिकामी असायची. "खणायचं आम्हाला द्या. जादा कामाचे पैसे रोजच्या रोज. त्याच्या निम्म्यात करू." इंजिनियरांनी आधी त्यांच्याकडे, मग सिस्टरांकडे पाहिलं, आणि कित्येक दिवसांनी त्यांनी स्वतःहून चहा मागवला.

गल्ली खणली गेली. जुने पाइप बाहेर आले तेव्हा त्यांची चाळण झाली होती. नवे बसले, जोड तपासले, चर बुजला. ज्या दिवशी पाणी सोडलं त्या दिवशी सगळी गल्ली आपापल्या नळाशी उभी होती. आधी नळांनी नुसतीच हवा सोडली, दोन शिंकल्यासारखे आवाज आले, मग लालसर पाणी, आणि मग अशी जाडजूड, स्वच्छ धार पडली की लाँड्रीतली बादली उलटली. नणंदबाईंनी ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं, आणि ओल्या हातानेच गल्ल्याचा खण उघडला.

त्या नुसती थकबाकी भरून थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पावती हातात घेऊन त्या बाजारभर हिंडल्या. न्हाव्याकडे गेल्या, बेकरीत गेल्या, हॉटेलात गेल्या. "माझ्या वहिनीने पाणी दिलं, मी पैसे दिले. तुम्ही कधी देताय?" आमचे वसुली कारकून वर्षानुवर्षं दारोदार फिरले होते आणि शिव्या खाऊन परत आले होते. नणंदबाईंपुढे कुणाची टाप नव्हती. पुढच्या गल्लीने आधीच पैसे जमवून आणले आणि म्हणाली, आता आमचा नंबर. त्याच्या पुढच्या गल्लीला ते झोंबलं. पावसाळ्याआधी गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. पाणीपट्टी भरायला खिडकीवर रांग लागलेली मी नोकरीत पहिल्यांदा पाहिली. रोखपालाला सुटे पैसे पुरेनात.

सगळं सरळ झालं असं नाही. पुलाजवळ मुख्य वाहिनीचा जुना तुकडा जोडताना फुटला आणि अख्खं गाव कोरडं पडलं. लोक घागरी घेऊन फाटकावर आले. बिल्डर नेमका त्याच दिवशी अध्यक्षांना भेटून गेला. अध्यक्ष घाबरेघुबरे होऊन पुलावर पोचले. खाली खड्ड्यात इंजिनियर मांडीपर्यंत चिखलात होते आणि सिस्टर काठावर छत्री धरून उभ्या.

"सिस्टर, लोक चिडलेत. मैदानाचं पुन्हा मनावर घेऊ या का?"

"ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांनी आत यायचं नसतं," सिस्टर म्हणाल्या. मग जरा नरमाईने म्हणाल्या, "तुम्ही एक करा. स्कूटर आहेच. घरोघरी जाऊन सांगा, काय फुटलंय आणि कधी होईल. लोकांना अंधारात ठेवलं की ते जास्त चिडतात."

अध्यक्ष गेले. दिवसभर गल्लीबोळांतून हिंडले, बोलणी खाल्ली, टँकर कुठे येईल ते सांगितलं. संध्याकाळी परत आले तेव्हा चेहरा रापला होता, पण माणूस खुशीत होता. "लोकांनी चहा पाजला हो," ते मला म्हणाले. "गाडीत होतो तेव्हा कुणी पाजला नव्हता." दोन दिवसांनी वाहिनी जोडली गेली, आणि त्यानंतर ती पुन्हा फुटली नाही.

वर्ष संपत आलं. शहराकडून पाण्याचं बिल आलं तेव्हा मुख्याधिकाऱ्यांना वाटलं छपाईत चूक झाली. त्यांनी फोन करून विचारलं. चूक नव्हती. बिल जवळजवळ निम्म्यावर आलं होतं.

वर्षअखेरच्या सभेला प्रेक्षकांच्या बाकांवर जागा नव्हती. नणंदबाई लाँड्री बंद ठेवून आल्या होत्या. सिस्टरांचे यजमान मागे भिंतीला टेकून उभे होते. मुकादमबाई आपल्या सगळ्या पथकासह खिडक्यांपाशी. सिस्टरांनी हिशेब वाचला, अगदी वॉर्डातला तक्ता वाचावा तसा, सपाट आवाजात. शहराची देणी फिटली. पगार दर महिन्याला वेळेवर झाले. सगळं वजा जाऊन शिल्लक उरली. त्यांनी आकडा सांगितला आणि त्या खाली बसल्या.

मग अध्यक्ष उठले. त्यांनी मैदान विकायचा ठराव हातात घेतला आणि म्हणाले, "हा मी मांडला होता. हा मीच मागे घेतो." त्यानंतर जे टाळ्यांचं वादळ उठलं ते थांबेपर्यंत मी लेखणी खाली ठेवली. सिस्टर मात्र मान खाली घालून चष्मा पुसत होत्या, आणि तो पुसून संपतच नव्हता. मागे त्यांचे यजमान शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "आमच्या घरातल्या आहेत त्या."

पुढच्याच महिन्यात शेजारच्या मोठ्या शहराचे अधिकारी आमच्याकडे आले. त्यांच्याही वाहिन्या गळत होत्या. तुम्ही कसं केलंत ते दाखवा म्हणाले. सभागृहात इंजिनियर बोलायला उभे राहिले. फळ्यावर नकाशा, हातात फुटका पाइप. जे सात वर्षं कुणी ऐकलं नव्हतं ते सगळं ते बोलले, आणि मोठ्या शहरातली मोठी माणसं वह्या काढून उतरवून घेत होती. सिस्टर शेवटच्या रांगेत बसून ऐकत होत्या. मध्येच कुणी खोकलं तरी त्या डोळे वटारायच्या.

शेवटी पाहुण्यांच्या प्रमुखाने विचारलं, "खोदाईचं काम एवढ्या कमी दरात कोणत्या कंत्राटदाराने केलं? आम्हाला त्याचा पत्ता हवा."

दाराशी उभ्या असलेल्या मुकादमबाई पुढे आल्या. "ते आम्ही," त्या म्हणाल्या. "पत्ता हाच. पण बाहेरगावच्या कामाचा दर वेगळा पडेल."