नीनाबाईंचे बेचाळीस फोटो

नीनाबाई दुकानात आल्या की नमस्काराच्या आधी पर्समधून भिंग काढायच्या. कालच्या प्रिंटवर ते फिरवायच्या आणि मान हलवायच्या. मान हलली की समजायचं, आज पुन्हा डार्करूम. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या शारजाच्या फोटो स्टुडिओत रशियन पुष्कळ यायचे आणि पासपोर्टचे फोटो घेऊन निघून जायचे. त्यांतली ही एकच बाई तीन महिने माझ्या मानगुटीवर बसली.

त्या लेखिका. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून तुरुंग आणि हद्दपारी भोगलेल्या. आता दुबईत नोकरी करणाऱ्या मुलीकडे आल्या होत्या, आणि बेचाळीस जुन्या फोटोंतून आपलं आयुष्य सांगणारं पुस्तक त्यांना करायचं होतं. एके काळी त्यांनी हिंदी कथांचे अनुवाद केलेले, त्यामुळे त्यांची हिंदी माझ्या शाळेतल्या गुरुजींना लाजवणारी. प्रिंट जरा उजळ आली की म्हणायच्या, "बंधुवर, उस दिन इतनी धूप नहीं थी." एका फोटोच्या मी सहा प्रिंट काढल्या. आमचे केरळी मालक रोज विचारायचे, "भाई, मॅडम का काम कब खलास?" माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

मग तो फोटो आला. लाकडी घरासमोर चौघं उभी, त्यातल्या एकाचा चेहरा ब्लेडने खरवडलेला. मी सांगलीला मामांच्या हाताखाली टचिंग, म्हणजे फोटोतले डाग-ओरखडे ब्रशने बुजवणं, शिकलेला माणूस. खराब झालेला फोटो तसाच परत देणं आमच्यात कामचुकारपणा. टचिंग कॉपीवर करायचं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मूळ फोटोच साफ केला तर पुढचे हेलपाटे वाचतील, असा हिशेब मी केला. त्या फोटोवरून कॉपीसाठी निगेटिव्ह काढण्याआधीच ब्रश घेतला आणि त्या बिनचेहऱ्याच्या माणसावर लाकडी भिंत रंगवून टाकली. इतकं सफाईदार काम मी पुन्हा कधी केलं नाही.

बाई ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. तो बिनचेहऱ्याचा माणूस म्हणजे त्यांचं बंदी घातलेलं लिखाण टाइप करून देणारा मित्र. झडतीत पोलिसांनी ओळखू नये म्हणून त्यांनीच त्याचा चेहरा खरवडला होता. तो तरीही पकडला गेला आणि परत आला नाही. त्याचा दुसरा फोटो नव्हता.

"भय के मारे मैंने केवल मुख मिटाया था," त्या म्हणाल्या. "शरीर रहने दिया, कि देखने वाला पूछे, यह कौन है. अब कौन पूछेगा?"

मी ओल्या कापसाने रंग पुसायला गेलो, तर खालचा माणूसच सुटून कापसाला आला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्या मायदेशी परतल्या. वर्षभराने पुस्तकाची एक प्रत माझ्या नावाने दुकानात आली. तो फोटो त्यांनी तसाच छापला होता, तिघांचा. खाली मात्र नावं चार. रशियन गिऱ्हाईकं मी काउंटरवर ठेवलेलं ते पुस्तक चाळतात, त्या पानावर अडतात, माणसं मोजतात आणि मला विचारतात, चौथा कुठे आहे?

दर वेळी मलाच सांगावं लागतं.