डाव्या हातचं सोनं

मखमलाबादला पाटाकडच्या वस्तीत लताबाईंनी पन्नाशीला हातात दोन वेताच्या काठ्या घेतल्या, तेव्हा गावाला कितीतरी दिवस दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणालं, म्हातारपणी लेझीम सुचली. कुणी म्हणालं, अंगात आलं. शेजारच्या बयाबाई तर कुंपणावरून वाकून रोज चौकशी करायच्या, "काय गं लते, आज कुणाला बडवलं?"

"अजून कुणी सापडलं नाही. तुम्ही येता का?"

दोघी हसायच्या. पण हसता हसता लताबाईंची नजर रस्त्याकडे जाऊन यायची.

कारण तसंच होतं. नवरा गेल्यापासून झेंडूचा मळा त्याच बघत होत्या. पहाटेच्या अंधारात फुलांच्या गोण्या स्कूटीवर लादायच्या आणि पाटाच्या रस्त्यानं फुलबाजार गाठायचा. उजाडल्यावर पोचलं तर फुलाला कोणी विचारत नाही. श्रावणापासून त्या रस्त्यावर त्यांच्या मागे एक मोटारसायकल लागली होती. दिवा बंद. लताबाई हळू झाल्या की तीही हळू. त्या थांबल्या की ती थांबे, इंजिन बंद होई, आणि मग नुसतं पाटाचं पाणी ऐकू येई. माणूस काही बोलत नसे, जवळ येत नसे. बोलला असता तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

बाजार सुटला की मळा सुटणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. धाकटा दीर बहिरू त्यासाठी केव्हाचा दबा धरून होता, आणि तोही किती मायेनं! "वहिनी, बाईमाणसानं अंधारात कशाला जीव घालायचा? मळा मी कसतो. तुम्ही घरी बसून सुखानं भाकरी खा."

"भाऊजी, दात शाबूत आहेत माझे. माझी भाकरी मीच चावते."

लेकीनं, दिशानं, क्लासची पाटी पाहिली आणि आईला जवळजवळ ओढतच नेलं. एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर मनमाडची फलक नावाची मॅडम शिकवायची. फिलिपिन्स देशातली काठीची विद्या.

"हा देश कुठं आला गं?" लताबाईंनी जिन्यातच विचारलं.

"समुद्रात आहे, आई."

"मग तिकडची काठी पाटावर चालेल का?"

पहिल्या दिवशी त्यांनी गोधडी धोपटावी तशी काठी डोक्यावरून आणली. मॅडम चपळाईनं बाजूला सरली म्हणून वाचली. "मावशी, डोक्याच्या मागे लागू नका. ज्या हातात हत्यार असेल तो हात फोडायचा. सापाचा दात पडला की साप म्हणजे दोरी." आणि निघताना जिन्यात म्हणाली, "काठी नसली तरी घाबरायचं नाही. लाटणं असो, छत्री असो, हात त्याच वाटेनं फिरवायचा."

मग झेंडूच्या सऱ्यांमधून रोज संध्याकाळी टक-टक ऐकू येऊ लागली. पोरं चिडवून दमली. बहिरू मात्र बांधावर बसून शेंगा सोलत शांतपणे बघायचा. बघायचा, टरफलं टाकायचा, उठून जायचा. स्कूटीला काठ्या बांधून लताबाई बाजाराला जायला लागल्या, तशी मोटारसायकल थोडी लांबून यायला लागली. यायची मात्र चुकली नाही.

खंडेनवमीला त्यांनी कोयता, विळे, पहार, फवारणीचा पंप, सगळं धुऊन मांडलं. बहिरू नारळ घेऊन आला. हळदीकुंकू झालं आणि तो म्हणाला, "वहिनी, काठ्या राहिल्या की. हत्यारच ना तेही?" त्यानं स्वतः त्या आणून मांडल्या, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. "आता उद्या सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही. पूजेतलं हत्यार हलवलं तर घराला बरं नसतं."

हे काय त्यानं सांगायला हवं होतं? त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी हलवलं नव्हतं.

"आई, पहाटे बाजार आहे," दिशा हळूच म्हणाली. "काठ्या घे."

"दसऱ्याला पूजा मोडू? गप बस."

दसऱ्याची पहाट. गोण्या अशा लादलेल्या की मागचं काही दिसेना. आज मागून आवाजही नव्हता. लताबाईंना बरं वाटायला हवं होतं. उलट मानेवर काटा आला. वळणावर बाभळीची ओली फांदी रस्त्यात आडवी पडली होती. ताजी तोडलेली. त्या उतरल्या, हेल्मेट काढलं, आणि फांदीमागून तो उभा राहिला. तोंडाला रुमाल. उजव्या हातात लोखंडी नळी.

तो नळी उचलून एक पाऊल पुढे आला. लताबाईंचा हात स्कूटीला बांधलेली काठी शोधून रिकामा परतला. दुसऱ्या हातात हेल्मेटचा पट्टा होता. पुढचं त्यांनी ठरवून केलंच नाही. हात शिकवल्या वाटेनं फिरला, हेल्मेट मनगटावर आदळलं आणि काहीतरी कडकन वाजलं. नळी पाटात पडली. माणूस ओरडला नाही. ओठ आवळून, हात पोटाशी धरून तो मक्यात शिरला. ओरडला असता तर आवाज ओळखू आला असता, हे लताबाईंना बाजारात बसल्यावर सुचलं.

संध्याकाळी सगळी वस्ती सोनं द्यायला येऊन गेली. बयाबाई दोनदा आल्या, बातमी काढायला. बहिरू दिवे लागल्यावर उगवला. खांद्यावर शाल, घामाचे दिवस असताना. उजवा हात शालीत.

"दसऱ्याचं सोनं घ्या, वहिनी," म्हणत त्यानं आपट्याची पानं पुढे केली. डाव्या हातानं.

लताबाईंनी पानं घेतली नाहीत. मग त्यांनी पूजेपुढे हात जोडले, काठ्या उचलल्या आणि त्यांच्यावरचं कुंकू पदरानं पुसलं.

"सोनं उजव्या हातानं देतात, भाऊजी."

"पडलो जरा. विहिरीवर."

"मग ठेवा ते. हात जुळला की आणून द्या. मी मळ्यातच सापडेन."

तो हसला. पायरी उतरताना झेंडूच्या सऱ्यांवरून त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली, आपल्याच शेतावरून फिरावी तशी.

दुसऱ्या दिवशी रस्ता मोकळा होता. हाड दिवाळी उलटल्यावर जुळतं, हे लताबाईंना ठाऊक होतं. त्या दिवशी क्लासला त्या सगळ्यांच्या आधी गच्चीवर हजर.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "समोरचा डाव्या हातानं आला, तर काय करायचं ते आज शिकवा."