तिसऱ्या रिळाआधीचं गाणं

गेल्या वर्षी मार्चमध्ये, पक्षाघातानंतर एकोणीस दिवसांनी, माझ्या थोरल्या बहिणीच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला. तो शब्द नव्हता, चाल होती. वेळ दुपारी साडेतीनची. खोलीत मी होतो आणि तिची सून.

आक्का बहात्तर वर्षांची. उजवा हात आणि वाचा एकाच सकाळी गेली. समोरचं सगळं तिला समजायचं, पण बोलायला तोंड उघडलं की नुसता श्वास यायचा. त्या दुपारी तिनं खिडकीकडे बघत दोन ओळींएवढी चाल गुणगुणली, संपवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. सुनेनं मोजलं. संध्याकाळपर्यंत चौदा वेळा.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी ती ऐकली. म्हणाल्या, "हे गाणं शब्दांसकट मिळवा. बोलणं अडलं तरी काहींचं गाणं शाबूत राहतं. गाण्यातून एक शब्द सुटला तर त्याला धरून पुढचे काढता येतात. पण पहिल्या सहा महिन्यांत. नंतर अवघड होत जातं."

चाल मला माहीत होती. कुठली तेही माहीत होतं. मी आठ वर्षांचा आणि आक्का चौदाची असताना आम्ही दोघं कोल्हापुरातल्या एका थेटरात दुपारचा खेळ बघायला गेलो होतो. चित्रपटात मध्येच एक शास्त्रीय चीज होती. दृश्य असं: अंधारात विहीर, विहिरीवर पाठमोरी बाई, पांढरं लुगडं. ती दोर ओढते आहे आणि घागर वर येत नाही. गाणं संपेपर्यंत ती वळत नाही. आक्कानं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

हे दृश्य मी पुढे एका लेखात लिहिलं. तीस वर्षं वर्तमानपत्रात बातम्या तपासण्याचं काम केलं, दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. या लेखातली एकही ओळ मला तपासावीशी वाटली नव्हती. छापून आल्यावर दोन वाचकांची पत्रं आली. दोघांनाही ती बाई आठवत होती. एकानं लिहिलं होतं, तिच्या पायात जोडवी नव्हती.

चित्रपट इंटरनेटवर मिळाला. मी तो कागद-पेन घेऊन दोनदा पाहिला. आठ गाणी. त्यांत ती चीज नव्हती. विहीरही नव्हती.

"मामा, छापायच्या आधी पिक्चर बघितला न्हवता व्हय तुम्ही?" आक्काची सून म्हणाली.

"बघितला होता."

"मग बाई कुठं गेली?"

गाणं कापलं गेलं असेल अशी एक शक्यता होती. ओळखीच्या एका गायन शिक्षकांना आक्काचं गुणगुणणं फोनवर ऐकवलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं. "गंधार कोमल आहे. निषाद शुद्ध लावताहेत, नाहीतर मी भीमपलास म्हटलं असतं. हा पटदीप. पण चीज कुठली ते शब्दांशिवाय कसं सांगू? एका रागात चिजा थोड्या असतात का?"

जून उजाडला. आक्का रोज तेवढंच गुणगुणत होती. उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, वहीत तारीख घालायच्या आणि पुढे एक आडवी रेघ ओढायच्या.

ते थेटर आता नाही. चौकशी करत गेल्यावर तिथला ऑपरेटर हयात असल्याचं कळलं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला असलेल्या मुलाकडे राहतो, वय ऐंशीच्या पुढे, ऐकू नीट येतं. जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी तिथं गेलो.

"पावणं, कुठल्या पेपरचं म्हणालासा?"

"आता कुठल्याच नाही. रिटायर झालो."

"मग बसा की."

मी फोन त्यांच्या कानाजवळ धरला. पहिली ओळ संपायच्या आत त्यांनी हात वर केला.

"हे पिक्चरमधलं न्हायच. हे आमचं हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. त्या काळी एकच प्रिंट दोन थेटरांत चालायची. तिकडे रीळ संपलं की माणूस ते सायकलवरून इकडे आणायचा. तिसरं रीळ वेळेत यायचं नाही, कारण हंगामात रस्ताभर उसाच्या गाड्या असायच्या. पडदा काळा झाला की लोक शिट्ट्या मारायचे, खुर्च्या आपटायचे.

"सिनेमाचं गाणं लावलं तर वळखायचं की पब्लिक, रीळ आलं न्हाय म्हणून. मग दंगा. मालकांकडं शास्त्रीय गाण्याची एक रेकॉर्ड हुती. ती लावली की सगळं गप. पब्लिकला वाटायचं, पिक्चरमधलाच अंधार हाय."

"आणि पडद्यावर?"

"पडद्यावर काय? दिवा बंद. दिसणार काय?"

"विहिरीवर एक बाई होती."

"विहीर न्हाय आणि बाई न्हाय. तुमास्नी कुणी सांगितलं?"

"मीच पेपरात लिहिलं होतं."

ते खोकला येईपर्यंत हसले. "छापलं म्हंजे मग असणार," म्हणाले आणि मुलाला माळ्यावरचं पोतं काढायला सांगितलं. थेटर मोडलं तेव्हा त्यांनी रेकॉर्डी घरी आणल्या होत्या. ती रेकॉर्ड वरून पाचवी निघाली. मधल्या कागदावर गाणारीचं नाव घासून गेलं होतं. रागाच्या नावातलं पहिलं अक्षर 'प' वाचता येत होतं. माझ्या हातात देताना ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही आला असशीला तर रीळ आणायला किती वेळ लागला आठवत न्हाय बगा. पण ही एकदा संपली की पुन्यांदा लावायचो. कवा कवा तीनदा."

गायन शिक्षकांनी रेकॉर्ड आपल्या यंत्रावर लावून फोनवर उतरवून दिली. तीन मिनिटं आणि काही सेकंद. बाईचा आवाज, मागे तंबोरा आणि तबला. शिक्षकांनी शब्द लिहून दिले. पहिल्या दोन ओळींचे आठ.

दुसऱ्या दिवशी दुपारी उपचाराच्या बाईंसमोर मी ती लावली. सहावा महिना सुरू होऊन पाच दिवस झाले होते. पहिल्या वेळी आक्कानं डोळे मिटले. दुसऱ्या वेळी चाल गुणगुणली. मी तिसऱ्यांदा लावली. दुसऱ्या ओळीवर तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि शब्द आला. मग पुढचा. रेकॉर्ड संपली तरी ती थांबली नाही. पुन्हा पहिल्या ओळीवर गेली आणि आठही शब्द क्रमानं म्हणाली.

"त्या चालीवर दुसरे शब्द घाला," उपचाराच्या बाई म्हणाल्या. सून वाटीत पाणी घेऊन समोर बसली आणि 'पाणी' हा शब्द पहिल्या ओळीच्या सुरांवर म्हणू लागली. सहाव्या दिवशी आक्का 'पाणी' म्हणाली. त्याच सुरांवर.

गेल्या शनिवारपर्यंत वहीत अकरा शब्द झाले आहेत. अकराही शब्द ती त्या चालीतच म्हणते.