लूमच्या गाण्यातला थांबा

चार वर्षांत एकच गाणं पाच वेळा ऐकायला गेलो आणि पाचही वेळा अर्धं ऐकून परत आलो. गाणं जेमतेम चार मिनिटांचं. तेवढ्या वेळात धड चहासुद्धा होत नाही. पण आमच्या बुऱ्हाणपुरात चार मिनिटंही एखाद्या गाण्याला सलग मिळत नाहीत. याचा मला जो संताप येतो तो मी घरी बोलून दाखवतो आणि घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

माझं इतवाऱ्यात इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वायर, स्विच, लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, मोटारींना लागणारे कपॅसिटर, असला माल. घर दुकानाच्या वरच. संगीतातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी मला राग ओळखायला लावणार नाही. मला फक्त एक खोड आहे. गावातलं कुणी स्वतः रचलेलं गाणं गाणार असेल, तर दुकान बायकोवर सोपवून ते ऐकायला जायचं. सिनेमातली गाणी गाणारे गल्लोगल्ली आहेत, ती मी मोबाइलवरही ऐकू शकतो. इथल्या माणसानं इथलं काहीतरी बांधलं, हे ऐकायला मात्र इथेच जावं लागतं.

असे गाणारे मोजकेच. स्टेशनकडचे दोघे रॅप करतात. एक निवृत्त मास्तर पेटीवर स्वतःच्या गझला म्हणतात आणि प्रत्येक शेराच्या आधी त्याचा अर्थ सांगतात. आणि मी ज्यांच्या मागे लागलो ते तिघे. पोरं या सगळ्याला मिळून ‘सीन’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. सहा माणसं आणि म्हणे सीन. पण मीही आता तसंच म्हणतो.

तिघांपैकी गाणारी पोरगी देडतलाईकडच्या केळी लावणाऱ्या घरातली, इथे एका शाळेत शिकवायची. गाणी तीच लिहायची, घरी बोलतात तशा भाषेत, अर्ध्या ओळीत हिंदी येईल तर येऊ देत. गिटारवाला कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेला. त्याचे आजोबा महाराष्ट्रातून नोकरीला आले आणि तिथलेच झाले. तिसरा स्वतः लूमवर काम करणारा. त्याच्याकडे ढोलक नाही, तबला नाही. दोन जुने धोटे, म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे पळतात ते होडीच्या आकाराचे लाकडी तुकडे, तो एका फळीवर वाजवायचा. डोळे मिटले तर वाटावं, शेजारच्या घरात लूम चालू आहे.

ते पाच वेळा वाया गेलेलं गाणं लूमचंच. गल्लीतलं एक जोडपं आहे. घरातच दोन लूम, सकाळपासून खडखडाट, म्हणून नवराबायको एकमेकांशी ओरडूनच बोलतात. भाजी काय आणू, हे ओरडून. पोराला ताप आहे, हेही ओरडून. आमच्याकडे वेगळं नाही. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना लूम आहेत आणि लग्नाला तीस वर्षं झाली, तरी बायको माझ्या कानाशी येऊन हळू काही बोलल्याचं मला आठवत नाही. तर, गाण्यात असं ओरडणं चालू असतं, धोटे वेग घेतात आणि अचानक लाईट जाते. फळी बंद, गिटार बंद, पोरगी गप्प. बारा मात्रा काहीही वाजत नाही. मग त्या शांततेत बायको नवऱ्याला काहीतरी हळू सांगते, जे इतक्या वर्षांत लूमनं तिला सांगू दिलेलं नसतं.

काय सांगते ते मला कळलंच नव्हतं. एकदा पोरगीला विचारलं. ती म्हणाली, “काका, सांगून नाही चालणार. ते तर आयकाच लागंल.”

ऐकता न येण्याची सुरुवात मीच केली, हे कबूल करतो. पहिला कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता, भर दुपारी. मी पुढच्या रांगेत. गाणं रंगात आलं आणि आवाज थांबला. तीस वर्षं या धंद्यात काढली आहेत, लूमचा आवाज थांबला की माझे पाय आपोआप मेन स्विचकडे वळतात. “लाईट गेली” असं म्हणत मी उठलो आणि भिंतीवरचा बोर्ड उघडला. डोक्यावर पंखा फिरतोय हे मला बोर्ड उघडल्यावर दिसलं. तोवर मागचे चारपाच जण उठले होते, एकानं मोबाइलचा टॉर्चसुद्धा लावला होता, दुपारच्या उजेडात. पोरगी पुढचं गायली, पण खुर्च्यांच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. कार्यक्रमानंतर मी माफी मागायला गेलो तेव्हा तिनं मला तो थांबा समजावून सांगितला. लूमवाला हसून म्हणाला, “चाचा, आप तो अपने आदमी निकले.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हाच ठरवलं, हे गाणं पुरं ऐकायचं. मला काय माहीत की अख्खं गाव माझ्यासारखंच आहे.

गणपतीत एका मंडळानं त्यांना संध्याकाळी बोलावलं. मी आधीच जाऊन जनरेटरवाल्याला सांगून ठेवलं की मध्ये शांतता होईल, तू हात लावू नकोस. त्यानं मान हलवली. शांतता झाली आणि दुसऱ्याच क्षणाला त्यानं जनरेटर सुरू केला. मी धावत गेलो तर म्हणतो, “आदत है सेठ, हाथ अपने आप चला गया.” त्याला काय बोलणार? माझेही पाय आपोआपच गेले होते. तेवढ्यात निवेदकानं माईक घेतला, छान गीत झालं म्हणाला आणि फर्माइशीच्या चिठ्ठ्या वाचायला लागला.

तिसऱ्यांदा पोरगीच्याच गावाकडे, नातेवाइकांच्या एका कार्यक्रमात. तिथे लूम नाहीत, म्हणून मला आशा होती. पण तिथे शांतता झाल्याबरोबर तिच्या आत्याला वाटलं, पोरगी शब्द विसरली. आत्या पुढे आली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, घाबरू नको, दुसरं म्हण. बायकांनी लगेच दुसरं गाणं धरलंही. पोरगी हसली आणि त्यांच्यात गायला लागली. परत येताना राग कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं. प्रेमानं घातलेल्या खोड्याला काही इलाज नसतो.

चौथ्यांदा कारखान्याच्या कॉलनीत. गिटारवाल्याच्या ओळखीची मराठी मंडळी, मला वाटलं, ही तरी शिस्तीची. शिस्तीचीच निघाली. पाहुण्यांच्या सत्काराचं ताट घेऊन दोन जण स्टेजच्या कडेला उभे होते, गाणं संपलं की वर जायचं, असं त्यांना बजावलेलं. शांतता झाली. ते वर गेले. शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा एकदा फोटो. पोरगी माईक हातात घेऊन मागे उभी होती, आणि त्या फोटोत तीही आली आहे, कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धी. मी परतीच्या गाडीत बसलो. वाटेत चांदनी स्टेशनात गाडी उगाचच अर्धा तास उभी राहिली आणि त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात ज्यांना ज्यांना शिव्या घातल्या, त्यांची यादी इथे देत नाही.

मग मीच कंबर कसली. आमच्या वाचनालयाच्या छोट्या हॉलमध्ये शुक्रवारची दुपार ठरवली. शुक्रवारी लूम बंद असतात, गल्ली गप्प असते. पाहुणे नाहीत, सत्कार नाही, निवेदक नाही. तीस-पस्तीस माणसं, सगळी मी स्वतः बोलावलेली. प्रत्येकाला दारातच सांगितलं. शिवाय एका मोठ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावलं: ‘गाणं मध्येच थांबेल. लाईट गेलेली नाही. जागेवर बसावे.’ लूमवाल्यानं तो पुठ्ठा दोनदा वाचला आणि म्हणाला, चाचा, हे आपल्या वॉर्डात कायमचं लावा.

गाणं सुरू झालं. नवराबायको ओरडत होते, धोटे धावत होते. शांतता झाली. कुणी हललं नाही. मी लोकांकडे बघत होतो. एकही माणूस उठला नाही, एकही मोबाइल निघाला नाही. मी मनात मोजत होतो, चार, पाच, सहा. पोरगीनं डोळे मिटले होते. सात.

आणि लाईट गेली.

खरीच गेली. पंखे घरघर करत थांबले, स्पीकरमधून टक् असा आवाज आला. क्षणभर सगळे तसेच बसून राहिले. मग एकाची नजर भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर गेली, तो फिसकन हसला, शेजाऱ्यानं वाचलं, तोही हसला, आणि मग अख्खा हॉल पोट धरून हसायला लागला. कुणी वाईट नव्हतं त्यात. मीच बोलावलेली चांगली माणसं होती. गिटारवालाही हसत होता. फक्त पोरगी हसली नाही. तिनं बंद पडलेला माईक खाली ठेवला आणि हसू थांबायची वाट पाहत उभी राहिली. ते थांबेना. थांबत आलं की कुणीतरी पुठ्ठा मोठ्यानं वाचायचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षांचा राग होता तो, आणि बाहेर पडला तो नेमका तिच्यावर. सगळे गेल्यावर ती वायर गुंडाळत होती, तिच्यापुढे जाऊन मी म्हणालो, “काढून टाक तो थांबा. या गावाला गप्प बसता येत नाही. सरळ गाऊन टाक, निदान ऐकू तरी येईल.”

ती वायर गुंडाळत राहिली. शेवटचा वेढा घालून म्हणाली, “थांबा काढला तर मग गाण्यात राहिलं काय, काका?”

“शब्द राहतील,” मी म्हणालो. मला शब्द हवे होते ना. ती बाई काय सांगते, तेवढं मला हवं होतं. बाकीचं काय करायचंय, असं त्या वेळी खरंच वाटलं.

त्यानंतर कार्यक्रम झाला नाही. पोरगीला पुण्याला नोकरी लागली. लूमवाला भिवंडीला गेला, तिथे काम जास्त आहे म्हणून. जायच्या आधी तिघांनी जळगावला जाऊन एका स्टुडिओत ते गाणं रेकॉर्ड केलं, हे मला नंतर कळलं. कळलं म्हणजे एका दुपारी मोबाइलवर ते येऊनच पडलं. खाली तिनं लिहिलं होतं, काका, आता पुरं आयका.

मी शटर अर्धं ओढलं, गिऱ्हाइकाला नंतर ये म्हणून सांगितलं आणि कानाला लावलं. ओरडणं सुरू झालं. धोटे इतके स्वच्छ वाजत होते की अंगावर काटा आला. वेग वाढला. आता थांबेल म्हणून मी श्वास रोखला. थांबलं नाही. त्याच वेगात, त्याच खडखडाटात ती बाई नवऱ्याला सांगून मोकळी झाली:

“आज तुहा आवाज आयकला रे,
लाईट, थोडी देर येऊ नको.”

संपलं गाणं. शब्द सगळे ऐकू आले, एकही सुटला नाही. पण लाईट गेलीच नव्हती. लूम चालूच होता आणि ती बिचारी तेही ओरडूनच सांगत होती.

मी तिला फोन लावला. विचारलं, थांबा कुठे गेला? ती रागावली असती तर बरं झालं असतं. सरळ म्हणाली, “तुम्हीच तं म्हटलं होतं ना, काका. स्टुडिओवाला पण तेच बोलला, लोकांले वाटते बंद पडलं.” पुन्हा रेकॉर्ड करता येईल का, असं विचारलं. ती म्हणाली, तिघं तीन गावांत, आता कुठे जमणार. मग तिनं माझ्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

जनरेटरवाल्याला मी बोललो, सत्कारवाल्यांना बोललो, गावाला तर रोज बोलतो. पण त्यांनी फक्त थांब्यात गडबड केली होती. तो कायमचा काढून टाकायला माझ्यासारखा जाणकार लागला. याचा विचार आला की दुकानात बसवत नाही.

आता मी एक करतो. शुक्रवारी दुपारी गल्ली शांत असते, तेव्हा वर घरातल्या मोठ्या स्पीकरवर गाणं लावतो आणि थांब्याच्या जागी बोटानं बंद करतो. बारा मोजायचे आणि पुन्हा चालू करायचं. तेवढाच वेळ द्यायचा त्या बाईला.

गेल्या शुक्रवारी तसंच बंद केलं. खिडकी उघडी होती, बाहेर चिटपाखरू नव्हतं. आठपर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “लाईट गेली का हो?”

गल्लीत एकही लूम चालू नव्हता. ती दहा पावलांवर होती. तरीही मी ओरडूनच म्हणालो, “नाही.”