जवसाच्या चटणीने केलेला घात

पन्नाशी ओलांडली की बाईला अक्कल येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला त्या वर्षी पाहायला हवं होतं. आज मी पासष्टीची आहे, दोन नातवंडांची आजी आहे आणि वर्ध्याजवळ सिंदी मेघेतल्या घरी पाय पसरून बसले आहे. तेव्हाच्या त्या बाईची थट्टा करायचा मला पूर्ण अधिकार आहे. ती मीच होते हे खरं, पण माणसानं स्वतःला तरी किती पाठीशी घालावं?

तर ही बाई गणित शिकवायला मालदीवला गेली. का गेली? लोकांना तिनं सांगितलं, नवं जग पाहायचं आहे, अनुभव घ्यायचा आहे. खरं कारण नालवाडीला राहत होतं. माझ्या नणंदेचा मुलगा जर्मनीत होता, आणि दर सणाला वन्सं तिथल्या थंडीचं वर्णन अशा थाटात करायच्या की जणू बर्फ त्यांनीच पाडला. जाहिरात पाहून मी अर्ज केला, फोनवर मुलाखत दिली आणि निवड झाल्यावर शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळी झाले. माझ्या जागेवर दुसऱ्याच दिवशी कुणाची तरी सून हजर झाली. म्हणजे परतीची वाट बंद.

आमच्या ह्यांना म्हटलं, "अजी, चला तुम्ही पण."

"मी समुद्रावर काय करू? आर्वीच्या बाजारात सोयाबीन कोन नेईन?" असं म्हणून ते अंघोळीला गेले.

निघायच्या आधी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स. मी पंचवीस मिनिटं भाषण केलं. 'विदर्भाच्या मातीचा सुगंध सातासमुद्रापार' असलं काहीतरी बोलले. मालदीव एवढ्या समुद्रांपार नाही, पण त्या दिवशी नकाशा बघायला वेळ कुणाला होता! समोर पहिल्या रांगेत बसलेल्या वन्सं शेजारणीला म्हणाल्या, आणि मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "पाहू, किती दिवस टिकते ते. तीन महिन्यात नाई आली वापस तं सांगजो मले."

तीन महिने त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. करारात तसंच लिहिलं होतं. पहिले तीन महिने परीक्षेचे. मुख्याध्यापिका वर्गात बसून पाठ पाहणार. पसंत पडला तर कायम, नाही तर परतीचं तिकीट. हे कलम मी घरी फक्त ह्यांना वाचून दाखवलं होतं आणि ह्यांच्या पोटात काही राहत नाही.

बेट एवढंसं की भाजी फोडणीला टाकून फेरी मारून यावं, तोवर करपायची सुद्धा नाही. रस्ते वाळूचे, गल्लीच्या दोन्ही टोकांना समुद्र. मी मात्र वर्ध्याहून दहा किलो ज्वारीचं पीठ, तवा, तिखट आणि जवसाच्या चटणीच्या तीन बरण्या घेऊन उतरले होते. मुलं गुणी होती. मला 'मिस' म्हणायची. या वयात मिस म्हणवून घेताना सुरुवातीला लाज वाटली, आठवडाभरात आवडायला लागलं. बोलणं सगळं इंग्रजीतून. माझं इंग्रजी आर्वी डेपोच्या एसटीसारखं, खडखड करत निघायचं, पण पोचायचं.

मुख्याध्यापिका तिथलीच होती, पस्तिशीची, हळू आवाजात बोलणारी. तिसऱ्या महिन्यात एका गुरुवारी ती म्हणाली, "पुढच्या बुधवारी मी तुमच्या वर्गात येईन. अपूर्णांक शिकवताय ना? तेच पाहीन."

मी आतून हसले. म्हटलं, बिचारीला माहीत नाही कुणाशी गाठ आहे.

बावीस वर्षं मी तपासण्या काढल्या होत्या. साहेब येणार म्हटलं की आमच्याकडं आठवडाभर आधी धडा ठरायचा. मग तोच धडा रोज. कोणत्या प्रश्नाचं उत्तर कुणी द्यायचं हे ठरलेलं. एकानं मुद्दाम थोडं अडखळायचं, म्हणजे खरं वाटतं. साहेब यायचे, मुलं फाडफाड बोलायची, साहेब शेरेबुकात 'समाधानकारक' लिहायचे आणि तर्री-पोहे खाऊन निघायचे. यात काही चुकीचं आहे असं कुणालाच वाटत नसे, साहेबांना तर नाहीच. लग्नात नवरीला सजवतात, तसा तपासणीला वर्ग सजवायचा.

तिथं आठवडा रविवारी सुरू होतो. रविवार, सोमवार, मंगळवार, तिन्ही दिवस मी पहाटे उठून भाकरी थापल्या. वर्गात एक भाकरी धरायची, मधोमध कापायची, अर्धी दाखवायची, मग पाव, मग अष्टमांश. शेवटी सगळ्या भाकरी मुलांना वाटायच्या, वर जवसाची चटणी. भाकरी मुलांनी पहिल्या दिवशी संशयानं खाल्ली, तिसऱ्या दिवशी मागून घेतली. प्रश्न वाटून दिले, उत्तरं पाठ झाली. पुढच्या बाकावरच्या, वर्गातल्या सगळ्यात बोलक्या मुलीला मी अडखळायचं काम दिलं. ती इतकं सुंदर अडखळायची की मला तिचा अभिमान वाटू लागला.

बुधवारी चटणीची डबी मी खोलीवरच ठेवली. बाईंसमोर चटणी काय न्यायची, बरं दिसत नाही, असा विचार केला. शहाणपणा बघा.

मुख्याध्यापिका वही घेऊन मागच्या बाकावर बसली. पाठ असा झाला की मीच मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. मी प्रश्न पुरा करायच्या आत उत्तर येत होतं. अडखळणारी अडखळली. बाईंची पेन्सिल भराभर चालत होती. मी भाकरी वाटायला सुरुवात केली, आणि ती बोलकी मुलगी आपला तुकडा उलटसुलट करून म्हणाली, "मिस, आज चटणी नाही?"

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. मागून हळू आवाज आला, "कसली चटणी?"

"काळपट असते. रविवारी होती, सोमवारी होती, कालही होती," मुलगी उभं राहून म्हणाली. मदत करायला फार उत्सुक होती ती. "याच पाठाला असते."

"याच पाठाला?"

"हो. आज चौथ्यांदा झाला. रविवारी मिस अष्टमांश विसरल्या होत्या. आज सगळ्यात छान शिकवलं."

पायाखालची वाळू सरकते म्हणजे काय, ते समुद्रकिनारी मला कधी कळलं नव्हतं, ते फळ्यासमोर कळलं. डोळ्यांसमोर नालवाडीचं घर आलं आणि दारात हसत उभ्या असलेल्या वन्सं.

मुख्याध्यापिका रागावली असती तर बरं झालं असतं. ती उठून पुढं आली, उरलेली एक अख्खी भाकरी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तास संपायला वीस मिनिटं आहेत. हिचे तीन सारखे भाग करून दाखवा."

मी सुरी घेतली. भाकरीवर ठेवली. फिरवली. परत ठेवली. एक काप मधून घातला की दोन होणार, आडवा घातला की चार. तीन कुठून आणायचे? बावीस वर्षं अपूर्णांक शिकवले आणि भाकरी कायम दोन, चार, आठमध्येच कापली. फळ्यावर एक तृतीयांश शेकडो वेळा लिहिला असेल. भाकरीत तो कुठं असतो, हे बघायला कधी गेलेच नाही.

"येत नाही मला," मी म्हटलं. नोकरी तर गेलीच आहे, आता कशाला लपवायचं, असा हिशेब. "तुम्ही बघा रे कुणाला जमतं का."

असा प्रश्न मी वर्गाला आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता, ज्याचं उत्तर मलाच ठाऊक नव्हतं. मुलं उसळली. डब्याचं झाकण ठेवून कागदावर गोल काढले, घड्या घातल्या, फाडले. एकानं तीन उभ्या पट्ट्या कापल्या. मधली जाड आणि कडेच्या बारीक, म्हणून भांडण झालं. मीही जमिनीवर बसून घड्या घालत होते, पदर कुठं आणि चष्मा कुठं. आणि ती चटणीवाली मुलगी एकदम भिंतीकडं बोट दाखवून ओरडली, "मिस, घड्याळ! बारावर कापा, चारवर कापा, आठवर कापा!"

"अवं माय!" माझ्या तोंडून शुद्ध वऱ्हाडी निघालं. भाकरीवर घड्याळ कल्पून मी मधून तीन काप दिले. तीन तुकडे. एकमेकांवर ठेवून बघितले, जवळजवळ सारखे. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

मग ऑफिसात बोलावणं आलं. मी सामानाची यादी मनात करूनच गेले. तवा हातात घ्यावा लागेल, बॅगेत मावत नव्हता.

"पहिली वीस मिनिटं पाहून तुम्हाला घरी पाठवणार होते," ती म्हणाली. "नंतरची वीस पाहून पाठवावंसं वाटत नाही. आणखी तीन महिने देते. पण आता मी सांगून येणार नाही."

त्या तीन महिन्यांनंतर मी कायम झाले आणि तीन वर्षं राहिले, हे इथंच सांगून टाकते. पण त्या दिवशी ते माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत निघताना ह्यांचा फोन आला.

"काऊन व, काल फोन नाई केला? पास झाली का नापास?"

"एटीकेटी."

"कोणत्या विषयात?"

"अपूर्णांकात."

पलीकडून म्हणाले, "मंग बावीस वर्षं तू त्या लेकराईले काय शिकवून राह्यली होती?"

"अजी, वन्संले म्हणा, आमच्या मोठ्या बाईले माहा तास इतका आवडला की आता रोज येऊन बसतो म्हणते."

"हे मी नाई सांगत. खोटं हाय."

"खोटं काऊन? म्हणालीच तसं थोडंफार," मी म्हटलं. "ठेवा आता फोन. आज येऊन बसली असंन, अन् माह्या डोक्यात काहीच तयार नाई."