साधी गाठ, आवाजाची नस

माझे बाबा आयुष्यभर दुसऱ्याच्या लाँचवर खलाशी होते आणि आई डोक्यावर पाटी घेऊन रत्नागिरीत दारोदार मासे विकायची. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की घरात सुकट आणि भात, तोही दोन्ही वेळेला असेलच असं नाही. वर्गातल्या मुली माझ्या शेजारी बसताना नाकाला रुमाल लावायच्या. मी त्याच बाकावर बसून शिकले. आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली आणत नाही.

पदवीनंतर मी मच्छीमारांच्या सोसायटीत लागले आणि जेटीवर लिलाव पुकारू लागले. मासळी ओतली की व्यापाऱ्यांच्या गलक्यावर चढून बोली पुकारायची. "एवढी शिकलीस आणि परत माशांतच आलीस?" असं आत्या येता-जाता म्हणायची. मी म्हणायचे, "आत्या, पाटी उचलायला नाही आले, भाव पुकारायला आलेय."

गाठ सापडली ती वेणी घालताना. डाव्या बाजूला, जबड्याच्या खाली, सुपारीएवढी. दुखत नव्हती, पण दाबली की खोकला यायचा. जेटीवरच्या बायकांना खेळच मिळाला. "बघू गो" म्हणत एक दाबायची, मी खोकायचे, मग दुसरी पुढे यायची. "मेली बेलच हाय, दाबली की वाजते."

हसण्यावारी गेलं असतं, पण खोकला म्हटल्यावर आत्याने टीबी ठरवून टाकला. तिच्या घरी माझा पेला वेगळा झाला. मी तो पालथा घातला आणि दवाखाना गाठला.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गाठ चिमटीत धरून हलवली. "बाजूला हलते, वर-खाली हलत नाही. नसेवरची वाटते." मग एफएनएसी झाली, म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं. त्यात टीबी दिसला नाही, कॅन्सरही नाही. मग एमआरआय. रिपोर्टवर शब्द होता स्वॅनोमा. प्रत्येक नसेभोवती आवरण असतं, त्या आवरणातून वाढलेली ही गाठ. माझी होती वेगस नावाच्या नसेवर. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, साधी गाठ आहे."

या "साधी"ने मला जेवढं छळलं तेवढं गाठीने नाही. डॉक्टरांच्या भाषेत साधी म्हणजे कॅन्सरची नसलेली. आमच्या वाडीत साधी म्हणजे सर्दी-पडशातली. "साधी हाय ना, मग कापायची कशाला गो? मानेवर व्रण घेऊन फिरलीस तर कोण करून घेईल तुला? रुमाल बांध आणि गप बस." आत्या एकटी नव्हती, भेटेल तो हेच सांगे. तुम्हाला कुणाला साधी गाठ सांगितली, तर लगेच पुढचा प्रश्न विचारा. साधी आहे, पण आहे कुठे?

माझी होती आवाजाच्या वाटेवर. डॉक्टरांनी मला कोल्हापूरच्या सर्जनांकडे पाठवलं, त्यांनी ते सरळ सांगितलं. वेगसची एक फांदी स्वरयंत्राला जाते, तिच्यावर आवाज चालतो.

"काम काय करता?"

"लिलाव पुकारते."

त्यांनी एमआरआयची फिल्म खाली ठेवली. "मग नीट ऐका. या गाठी सावकाश वाढतात, थांबून लक्ष ठेवता येईल. पण मोठी झाली की नस तिच्यावर ताणली जाते, सोडवणं अवघड होतं. आता काढली तर नस वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. तरी आवाज काही महिने बसेल. कायमचाही बसू शकतो. हमी देत नाही."

हमी न देणारा माणूस मला पटला.

आई-बाबा सोबत आले होते. बाबांना काही उमगेना. मी खेकड्याचं उदाहरण दिलं, "बाबा, जाळ्यात कुर्ली अडकलीय असं समजा."

"मग जाळं कापू नको म्हणावं. डेंगे मोडायचे आणि कुर्ली काढायची."

सर्जन हसले. "तसंच करणार, बाबा. आवरण उभं उघडायचं, नसेचे धागे बाजूला सारायचे आणि गाठ आतून सोडवायची."

"तुमचं दोघांचं जमलं," आई म्हणाली. "आता माझ्या पोरीला विचारा."

माझं ठरलं होतं. उद्या आवाज जाईल या धाकात रोज बोली पुकारणं मला मान्य नव्हतं.

भरती झाल्यावर एक तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन आला. "घरातल्या पुरुषमाणसाला बोलवा, समजावून सांगतो." मी म्हटलं, "मान माझी आहे आणि वाचता मला येतं." सगळं वाचलं, न कळलेला शब्द न् शब्द विचारला, मगच सही केली. तुम्हीही विचारा. कंटाळतील, पण सांगतात.

शुद्धीवर आल्यावर "आई" म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आईने तोंडाला पदर लावला. मी मात्र पुन्हा म्हणून बघितलं, पुन्हा हवाच. सिस्टर म्हणाली, "ताई, गप पडा की जरा."

सर्जन म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली. नस अखंड आहे, पण दुखावलीय. डावी व्होकल कॉर्ड, म्हणजे स्वरतंतू, सध्या हलत नाही." पाणी पिताना ठसका लागे, हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला शिकवलं. पुढे काढलेल्या गाठीच्या बायोप्सीनेही ती साधीच असल्याचा शिक्का मारला.

घरी आले तर लिलाव दुसऱ्याकडे गेलेला. सोसायटीतले एक काका म्हणाले, "तुम्ही आता आत टेबलावर बसा, शिकलेल्या आहात." माझ्या शिक्षणाची आठवण त्यांना तेव्हाच झाली. मी कागदावर लिहून दाखवलं, "परत येणार आहे."

आत्या म्हणे कुजबुजत बोल, आवाज राखून ठेव. मी तेच करत होते. स्पीच थेरपिस्ट, म्हणजे आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई, त्यावर रागावल्या. कुजबुजण्याने घशावर जास्त ताण येतो. त्यांनी भिंतीला ढकलत जोरात "आ" म्हणायला लावलं. आमची भिंत पत्र्याची, म्हणून मी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीला ढकलायचे.

"एकटीच पाण्यात लोटतेस काय गो?" लोक विचारत.

"आ," मी उत्तर द्यायचे.

आधी घोगरा श्वास आला, मग फाटका सूर, मग शब्द. कधीकधी आठवडे काहीच पुढे सरकत नसे. तेव्हा मी होडीशी भांडायचे. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी सरता सरता, तपासणीत घशात घातलेल्या कॅमेऱ्यात स्वरतंतू थोडा हलताना दिसला.

हंगाम सुरू झाला तेव्हा मी व्रण न झाकता जेटीवर उभी राहिले. सोसायटीकडून लिलाव परत मागून घेतला होता. पहिली बोली पुकारली. एक जुना व्यापारी म्हणाला, "आवाज पुरुषी झाला गो तुझा."

"ऐकू आला ना? मग बोली लाव."

त्याने लावली.

कोल्हापूरच्या सर्जनांची आणि त्या थेरपिस्ट बाईंची मी ऋणी आहे. गाठ पूर्ण निघाली, नस शाबूत आहे. वरचा सूर गेला तो गेला. रोजचा लिलाव मी पुकारते.